काळजाला कमी पडलेलं कॅल्शियम

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर.

चि. सुरेखास सत्यभामाताईचे भरभरून आशीर्वाद. कन्नडला सगळे खुशाल असाल. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग (गुडघ्याचं आठवणीनं विचार, नाय विचारलं की रुसतात).

पत्र बघून घाबरू नको. मी लई मजेत आहे. दिवाळीपासून मला जिना चढला की धाप लागायची, पाय सुजून चपला बसेनात, बोटांना मुंग्या यायच्या (सुजेपुढं मुंग्यांना कोण विचारतं?). एका सकाळी श्वासच पुरेना, तवा तुझ्या दाजींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. काळीज निम्म्या ताकदीनंही चालत नाय, असं निघालं. ते ऐकून दाजी "सत्यभामा!" म्हणून ओरडलेच. लग्नापासून त्यांनी "अगं"शिवाय हाक मारली नाय. नाव ऐकून मला वाटलं, आता आपलं संपलं. माझ्या नणंदबाई, यमुनाबाई, तर शहागंजातून हिरवी साडीच घेऊन आल्या (सवाष्णीला शेवटची नेसवायला. रंग मात्र झकास निवडला हो).

तेवढ्यात नर्सनं ब्लडप्रेशरचा पट्टा आवळला, तशी माझी बोटं चिमटीत मीठ धरल्यासारखी आखडली. डॉक्टरीणबाई पुढं झाल्या, पोत बाजूला सारून गळ्यावरचा वण पाहिला.

"मावशी, थायरॉइडचं ऑपरेशन झालंय का?"

"लई वर्षं झाली."

रक्त तपासलं, तर कॅल्शियम अगदी तळाला! त्या ऑपरेशनात कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी गेल्या होत्या म्हणे. "तुमचं काळीज उपाशी आहे, मावशी. भरून येईल," त्या म्हणाल्या. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, मग गोळ्या. आधी मुंग्या गेल्या, मग सूज, अन् परवाच्या तपासणीत काळीज पहिल्यासारखं! मी तिथंच त्यांचा हात धरून रडले. गोळ्या मात्र जन्मभर. काल तीच हिरवी साडी नेसून यमुनाबाईंकडं चहाला गेले. त्या दारातच मटकन खाली बसल्या.

पोरांना गोड पापा.

तुझी ताई

ता.क. डॉक्टरीणबाईंनी घरकामाला मोकळीक दिलीय, हे दाजींना माहीत नाय (परवा तपासणीला माझ्यासोबत शेजारची प्रेरणाच आली होती). रोज तेच भाकरी थापतात, मला अंथरुणात चहा मिळतो. फोनवर बोलायची सोय नाय, ते पीठ मळत शेजारीच असतात. त्यांचा फोन आला तर एवढंच म्हण, "ताईला अजून जपा."

पुन्हा ता.क. सुरेखाबाई, पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडंच आलं. मोकळीक दिल्याचं प्रेरणानं मला त्याच दिवशी सांगितलंय. मला कळलंय हे ताईला सांगू नका. भाकरी आता फुगायला लागलीय. — सखाराम