बाबा, डावीकडे!

रविवार, संध्याकाळ

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा फुटबॉल खेळलो. शेजारचे गुरमीतजी म्हणाले, "डॉक्टरसाब, भागना मत, बस गोल में खडे रहो."

उभा राहिलो आणि चार गोल खाल्ले. तरी सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. भली माणसं!

पाचव्या वेळी कडेला बसलेली ईरा ओरडली, "बाबा, डावीकडे!" मी झेपावलो. बॉल अडला!

गुडघा ठणकतोय, पण डोक्यात ते "डावीकडे"च आहे. माझी लेक इथे पंजाबातच जन्मली, मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत देते. हा शब्द तिला कुणी शिकवला? मी तर नाही.

बायकोला विचारलं, तर ती हसत सुटली. "अरे, तू गाडी चालवतोस तेव्हा मोहालीच्या प्रत्येक चौकात मी हेच ओरडते!"

बरं झालं, इतकी वर्षं रस्ते चुकलो.