दाब ब्रेक

बाबा, पेणचं आपलं दुकान अजून उघडं हाय. पार्टची दुकानं गावात पुष्कळ झाली, पण वायपर घेतला की बसवून द्यायचा, बॅटरीचं पाणी बघायचं, चाकात हवा भरायची आणि वर "काय नको, जा तू" म्हणायचं, हे आपल्याच दारात चालतं. तुझा नातू वैतागतो. "आई, आपण पार्ट विकतो, गॅरेज नाय काढलं." हे दुकान बंद करून कोलाडला हायवेवर नुसता काउंटर टाकायचं त्याच्या डोक्यात हाय. तुझं काय उरेल मग?

तू आठवतोस तो गाडीच्या मागे उभा. गणपतीआधीची संध्याकाळ, जोह्याहून मूर्ती भरलेला टेम्पो रोह्याला निघालाय. ड्रायव्हर घाईत, पण तू सोडशील तर ना. "मूर्तीला जपलंस, पण ताडपत्री लाईटवर लोंबते त्याचं काय? मागच्याला दिसणार काय, तुझं कपाळ?" ती वर बांधतोस, बल्ब बसवतोस आणि मला केबिनमध्ये चढवतोस. "दाब ब्रेक." मी स्टेअरिंगला लोंबकळून पेडलवर उभी राहते. बाजूच्या आरशात तू हळूच लाल होतोस, शर्ट लाल, मिशी लाल, मागचा रस्ता अंधारात विरलेला. "लागली गो," म्हणतोस. मला वाटायचं, तुला मीच पेटवते.

काल दिवेलागणीला कासू गावच्या एक बाई गाडी घेऊन आल्या. ब्रेकलाईट बंद. पोरगा शटर ओढता ओढता म्हणाला, "उद्या गॅरेजला दाखवा." स्क्रूड्रायव्हर घेतला, बल्ब बसवला, सीटवर जाऊन बसले आणि त्याला म्हटलं, मागे उभा रा. आला तोंड वाकडं करून. मी ब्रेक दाबला. "लागली, आई." मी पाय काढला नाय. तो तसाच उभा, लाल उजेडात, आणि मग काय वाटलं कोण जाणे, खाली वाकला. "ताई, या चाकात हवा कमी हाय. थांबा, भरून देतो." कोलाडचा विषय त्यानं सोडलाय असं नाय. पण रात्री जेवताना काढला नाय.

हा कागद काउंटरच्या खणात ठेवते, तुला कुठल्या पत्त्यावर धाडू. एकच सांगायचं राहिलं. ब्रेक दाबायला त्या बाई होत्याच की सीटवर. मीच त्यांना उतरवलं. मला आरशात बघायचं होतं.