तारांची शेजारती

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. कार्तिक वद्य दशमी.
निश्चय झाला. येत्या दत्तजयंतीस सोसायटीच्या मंदिरात माझे स्वरचित दत्ताष्टक मी गिटारच्या साथीने म्हणणार. गतवर्षी आमचे सेक्रेटरी उत्तरेश्वरराव यांनी पेटीवर जी साथ केली, तीत आठही श्लोक बुडाले. लोकांनी नंतर पेटीचे कौतुक केले. अष्टक संस्कृतात होते, हे एकाच्याही ध्यानी आले नव्हते. यंदा अक्षर न् अक्षर पोहोचलेच पाहिजे.
नात स्वराली गिटार वाजवते. तिच्या मते नायलॉनच्या तारांचा नाद मृदू असतो, आणि वाद्य इलेक्ट्रिक असेल तर तो हवा तसा कमीजास्त करता येतो. मृदुता आणि संयम! सज्जनांचीच लक्षणे ही. तिच्याकडून मी तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरसमूह, शिकलो आहे. अष्टकास तीनच लागतात. रचना करतानाच मला ही दृष्टी होती, असे आता वाटते.
सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "बरं." तिचा पूर्ण पाठिंबा आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार.
स्वारगेटजवळ शुभंकर यांचे वाद्यांचे दुकान. घरी नेऊन परीक्षा करण्यासाठी भाड्याने वाद्ये देतात. तीन निवडली. एकामागून एक आणणार आणि शास्त्रोक्त तुलना करणार. योगातल्या तीन नाड्यांची नावेही दिली: इडा, पिंगला, सुषुम्ना. शुभंकर यांनी स्वरालीस विचारले की, आजोबा गिटार बघताहेत की घरातल्या कोणासाठी स्थळ. मी हसलो नाही.
प्रथम इडा आणली. पोकळ, भारदस्त देह, मान रुंद, तारा पडद्यांपासून बऱ्याच उंच. या उंचीस 'अ‍ॅक्शन' म्हणतात. तारा आजच नव्या घातल्या आहेत. दुकानात स्वर अचूक होते.
सायंकाळी वाद्यास गंध लावले. देवांची शेजारती झाल्यावर सहाही खुंट्या उलट फिरवून तारा सैल केल्या. आमच्या गुरुजींच्या घरी तंबोऱ्याच्या तारा नित्य अशाच उतरवीत. दिवसभर ताणलेला जीव तो. त्यासही निद्रा हवी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
पहाटे पूजा आटोपून इडेस ट्यूनर लावून सुरात आणले. दुसऱ्या श्लोकापर्यंत ती खाली घसरली. पुन्हा आणले, पुन्हा घसरली. स्वराली म्हणाली, "नायलॉन नवं असलं की ताणत राहतं, आजोबा. बसायला दोन-चार दिवस द्या." म्हणजे विश्रांती हवी, हे तिलाही मान्य आहे. आज एरवीपेक्षा लवकर निजवली.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावास्या.
इडेविषयी निष्कर्ष: नाद गंभीर, स्वभाव चंचल. शिवाय तारा उंच असल्याने डाव्या हाताची बोटे हुळहुळली. शुभंकर म्हणाले की, सेटअप करून अ‍ॅक्शन खाली आणता येते. सॅडल नावाची हाडाची पट्टी थोडी घासायची, बस. मी म्हणालो, अंगे कातरून शील बदलत नाही. परत केली.
तारा छेडण्यासाठी उजव्या हाताची नखे वाढवावी लागत आहेत. सौ. म्हणाली की, नैवेद्य दाखवताना तो हात मागे ठेवत जा, देव घाबरतील.

२३ नोव्हेंबर, रविवार.
पिंगला आली. सडपातळ, मान अरुंद, अ‍ॅक्शन खाली, एका खांद्याला खोलगट काप, त्यामुळे वरच्या पडद्यांपर्यंत हात सहज जातो. तिन्ही कॉर्ड एका बैठकीत जमले. स्वराली म्हणाली, "वा, आजोबा!" मी विनयाने मान लववली आणि चौथा कॉर्ड विचारला. ती म्हणाली, "आधी हे तीन ओळीत लावा."
शेजारतीनंतर निजवली. हिच्या खुंट्या फार मऊ फिरतात. सेवा करताना आनंद होतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी.
पिंगलाही घसरते! दुकानात सरळ, आमच्या वारज्यास आली की वाकडी. नदीकडच्या दमट हवेचा हा दोष असावा. शुभंकर यांना फोन केला. ते म्हणाले, "काका, याच गिटारी वारज्यातच चार जण वाजवतात." ते चौघे बहुधा वरच्या मजल्यांवर राहत असावेत.
वाद्यासाठी गंध उगाळताना सहाणेवर अंगठ्याचे नख तुटले. अकरा दिवसांची साधना गेली. सौ.ने नेलकटर आणून समोर ठेवला.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
पिंगला परत. सुषुम्ना आली. हिला उदरच नाही. भरीव लाकडाची फळी, तारांखाली त्यांचा नाद टिपणारा पिकअप, बाजूस बटणे. वायर जोडून स्पीकर लावल्याखेरीज नाद जवळजवळ नाहीच. पहिल्या दृष्टीस वाटले, या देहात आत्मा नाही. परंतु सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हीच घ्या. हिचा आवाज घरात येत नाही." एवढ्या वर्षांत वाद्यांविषयी तिने मत दिले ते हे पहिलेच. तीस श्रवणाची जाण आहे. सुषुम्ना विकत घेतली.
शुभंकर यांनी दाराशी येऊन नमस्कार केला. म्हणाले, "अभिनंदन. एकदाचं लग्न जमलं."

१ डिसेंबर, सोमवार. एकादशी.
मंदिरात तालीम. उत्तरेश्वरराव पेटी घेऊनच आले होते. बसले, भाता हलवला, सा दाबून धरला. माझी तार त्याच्या बरीच खाली. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमचा सा आणि आमचा सा एकाच सोसायटीतले आहेत ना?" मंडळी हसली. मग सौम्यपणे म्हणाले की, दत्तजयंतीस पेटी तयार ठेवतो, आपल्या सोयीसाठी.
सोयीसाठी! गुरुवारी पेटी उघडली की माझे आठ श्लोक पुन्हा बुडाले.

२ डिसेंबर, मंगळवार.
स्वराली कॉलेजातून थेट आली. सुषुम्ना पाहून म्हणाली, "काल तालमीनंतर मी नीट लावून गेले होते. रोज ही इतकी उतरते कशी?" मी हवेविषयी सांगू लागलो. सौ. भाजी निवडत होती. म्हणाली, "हवा कसली? रोज आरतीनंतर ते तिला झोपवतात."
स्वराली जमिनीवरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग गंभीरपणे म्हणाली की, तारा सारख्या ताणलेल्या राहिल्या तरच बसतात. रोज सैल केल्या तर रोज पहिला दिवस. म्हणाली, "शपथ घ्या. गुरुवारपर्यंत खुंट्यांना हात लावणार नाही."
शब्द दिला. आमच्या घराण्यात शब्द म्हणजे शब्द.

३ डिसेंबर, बुधवार.
काल शेजारतीनंतर सुषुम्ना भिंतीशी ताठ उभी. देव निजलेले, घर निजलेले, ही एकटी ताणात. पाहवेना. तथापि शब्द दिलेला. स्वरालीने तारा गुंडाळण्यासाठी एक प्लॅस्टिकचा वाइंडर आणून ठेवला आहे. तो खुंटीवर बसवून फिरवतात. खुंट्यांना माझ्या हाताचा स्पर्शही झाला नाही. शब्द अक्षरशः पाळला.
आजही पाळला.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती. प्रसादानंतर.
विजय! दुपारी स्वरालीने सुषुम्ना लावली, मंदिरात स्पीकर जोडून दिला, माझ्या शेजारी बसली. प्रारंभी दोनच स्वर वाजले, ती पटकन वाकली, बटणांशी काही केले, आणि म्हणाली, "म्हणा, आजोबा. छान म्हणा." डोळे मिटून आठही श्लोक म्हटले. बोटे स्वतः चालत होती. स्पीकरचे तोंड श्रोत्यांकडे असल्याने मला नाद फारसा आला नाही, परंतु सभेची शांतता सर्व सांगत होती.
अखेरीस तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाई डोळे पुसत म्हणाल्या की, प्रत्येक शब्द कळला. उत्तरेश्वररावांची पेटी बंदच राहिली. ते स्वतः येऊन म्हणाले, "पहिल्यांदाच नीट ऐकलं. पाचव्या श्लोकात एक मात्रा जास्त आहे." आणि जाता जाता म्हणाले, "गिटारचा मात्र अजिबात त्रास झाला नाही." अशा माणसाकडून याहून मोठी पावती कोणती?
पाचवा श्लोक तपासला. जास्त आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार.
स्वरालीने मोबाइलवर कालचे चित्रण दाखवले. माझा स्वर स्वच्छ. गिटार नाही. मी म्हणालो, मोबाइलचा माइक सदोष दिसतो. ती हळूच म्हणाली, "आजोबा, मी आवाज शून्यावर आणला होता. ती खूप उतरलेली होती. तुम्हाला अष्टकच लोकांना ऐकू जायला हवं होतं ना?"
सौ. म्हणाली, "मला सगळं ऐकू आलं. संस्कृत कळत नाही, पण आलं. चहा घ्या, गार होतोय."
चहा घेतला. चांगला झाला होता.
नवा निश्चय. पुढच्या दत्तजयंतीस साथ ऐकू येणार. आजपासून तारांना विश्रांती नाही. वाइंडर स्वरालीच्या स्वाधीन केला, तिने तारा लावून दिल्या. पाचव्या श्लोकाची मात्राही काढली.

६ डिसेंबर, शनिवार.
सकाळी सुषुम्ना सुरात! रात्रभर ताणलेली, तरी जागची फारशी हललेली नाही. नातीचे म्हणणे खरे. दिवसभर तिन्ही कॉर्ड ओळीत वाजले. सौ. दोनदा दारात येऊन उभी राहिली.
शेजारतीनंतर. देव निजले. सुषुम्ना निजेना. केवळ सर्वांत जाड तार, तीही थोडीशीच, सैल केली. पण मग उरलेल्या पाच जणींना काय वाटले असते?