पूलवाली बहिणीकडे गेली आहे

प्रिय अहो,

असं कुणी लिहितं का पत्रात? पण जन्मभर अहोच म्हटलं, आता तुम्ही नाही म्हणून नाव घेऊ? जमायचं नाही ते.

आज लिहायला बसले कारण पाचवं पुस्तक आलं. शेवटचं! आपली नात चिन्मयी, जिला शाळेसाठी उठवायचं म्हणजे सुनेचा घसा बसतो, ती आज पहाटे उठून दुकानापुढे रांगेत उभी राहिली आणि विटेएवढं जाड पुस्तक छातीशी धरून घेऊन आली. म्हणाली, "आजी, मी अंघोळ करून येते, मग आपण सुरू करू. तोपर्यंत हात नक्को लावू." हात लावून मी काय करणार, इंग्रजी! पण ही पोरगी एकदा न्हाणीघरात शिरली की तासभर बाहेर येत नाही. तेवढ्यात मला तुमच्याशी एक भांडण उरकायचंय.

चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे. लाल पेन घेऊन बसू नका.

आठवतं का, पहिलं पुस्तक कसं आलं ते? सुधीरला नवी कंप्युटरची नोकरी लागली, कंपनीनं परदेशी पाठवलं, आणि येताना त्यानं मला घड्याळ, तुम्हाला दाढीचं मशीन आणि चिन्मयीला हे पुस्तक आणलं. तेव्हा ती एवढीशी. चित्र नाही म्हणून तिनं टाकून दिलं. तुमचं दाढीचं मशीन तुम्ही डब्यातच ठेवलंत आणि पुस्तक उचललंत. "अगं, यात तळ्याखाली शहर आहे!" केवढे हसलात! रिटायर झाल्यापासून तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग रोज चार वाजता चहा झाला की हिमायतनगरच्या या बाल्कनीत तुम्ही वेताच्या खुर्चीवर, मी खाली मेथी निवडत. तुम्ही ओळ मनात इंग्रजीत वाचायचात आणि तोंडानं मराठीत सांगायचात. सवयच ती. सारी नोकरी कोर्टात भाषांतर करण्यात गेली. उर्दूचं इंग्रजी, इंग्रजीचं तेलुगू, आणि घरी येऊन सगळ्याचं मराठी! "एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस आत जातो, कुसुम," असं किती वेळा ऐकवलंत मला. मी भाजीत मीठ विसरले तरी हेच!

तर ते तळ्याखालचं शहर. तिथं एका मुलीचा भाऊ जातो आणि अडकतो. रोज घंटा वाजवतो आणि रोज एकेक माणूस विसरतो. बहीण त्याला शोधायला निघते. वाटेत पूल, आणि पुलावर ती म्हातारी. तिचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून तुम्हीच म्हणालात, आपण हिला पूलवाली म्हणू. पूल ओलांडायला आलेल्याला ती आधी आंबील पाजते, मग वाट दाखवते. मला इतकी आवडली! आमच्या आक्कासारखी. आता चिन्मयी सांगते, पुस्तकात आंबील नाहीच, कसलं तरी सूप आहे. हे पण तुमचंच!

दुसऱ्या पुस्तकात ते पाणमांजर मेलं, आठवतं? दोन दिवस मी जेवले नाही. "अगं, कागदावरचं मांजर ते," तुम्ही समजावत होतात, आणि सून स्वयंपाकघरातून म्हणत होती, "आई, निदान दूध तरी घ्या हो." आता लाज वाटते सांगायला. नाही, फारशी नाही वाटत. चांगलं होतं ते मांजर.

तिसरं पुस्तक आलं त्या वर्षी नांदेडला आक्का गेली. मला आई नव्हती, आक्कानंच वाढवलं, ते तुम्हाला काय सांगायचं! दोन महिने मला कशात गोडी नव्हती, फक्त चार वाजायची वाट बघायची. असंच एकदा पुस्तक संपत आलं होतं आणि तुम्ही वाचता वाचता थांबलात. चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा घातला. मी म्हटलं, "काय झालं हो?"

"काही नाही. अक्षर बारीक आहे."

मग म्हणालात, "पूलवालीचा पाय मुरगळला. ती बहिणीकडे गेली."

मला बरंच वाटलं. म्हटलं जाऊ दे, पुलावर एकटी किती दिवस राबणार? चार दिवस आराम करू दे बिचारीला!

पण चौथ्या पुस्तकातही बाईचा पत्ता नाही! मी विचारलं की तुमचं आपलं, बहीण सोडत नाही. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मग त्या गावात लोणच्याचे दिवस आले. मी चिडले. "राज्य बुडायला आलंय आणि ही बया लोणची घालत बसली?" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, मला उठून पाठ चोळावी लागली. "येते गं, शेवटच्या भागात येते. येणारच, बघ तू!"

आणि शेवटचा भाग यायच्या आत तुम्हीच निघून गेलात. ही काय रीत झाली?

आता मागच्या रविवारचं सांगते. त्या मोठ्या पुस्तकाच्या दुकानात या पाचव्या पुस्तकासाठी मुलांचा मेळावा होता, मी चिन्मयीबरोबर गेले. दुकान कसलं, महालच आहे हो! एसी काय, कॉफी काय, पुस्तक न घेता कुणी दिवसभर खाली बसून वाचलं तरी हाकलत नाहीत. आपल्या वेळी गौलीगुड्यात दुकानदार पानाला हात लावू द्यायचा नाही. तिथं एक मोठा फळा होता. ज्याला शेवट जसा वाटेल तसा त्यानं चिठ्ठीवर लिहून टाचायचा. पन्नासेक पोरं, आणि काय भांडण! एक म्हणतो, भाऊ घंटा फोडणार. दुसरी म्हणते, नाही, बहिणीलाच खाली राहावं लागणार, भाऊ सुटणार. एक चष्मेवाला म्हणाला, हे सगळं स्वप्नच निघणार, तर त्याच्यावर सगळ्यांनी मिळून असा आरडाओरडा केला की तो कॉफी प्यायला निघून गेला. मला तर देवळातल्या कीर्तनापेक्षा जास्त रंग चढलेला दिसला!

मी चिन्मयीला म्हटलं, माझी पण चिठ्ठी लिही. लिही, पूलवाली येणार.

पोरीचा चेहरा उतरला. "आजी, चल ना, आपण कॉफी पिऊ."

"कॉफी नको मला. लिही."

शेजारी सना नावाची मुलगी होती, हिच्याच वर्गातली. पुलावरची म्हातारी म्हटल्यावर तिला पूलवाली कोण ते कळलं आणि ती म्हणाली, "दादीमा, वो कैसा आती? वो तो मर गई ना!"

"मरी नई," मी म्हटलं, "बहन के घर कू गई है. पाँव में मोच आई थी."

"अरे नई दादीमा, तीसरी किताब में मर गई! पूल के साथ नीचे गिर गई!"

"तेरे कू मालूम कि मेरे कू? ऑपरेशन हुआ उसका! आँख का!"

सगळं दुकान माझ्याकडे वळलं. आणि मग असा हशा पिकला म्हणता! मी वळून पाहिलं तर चिन्मयी भिंतीकडे तोंड करून उभी. तेव्हा मला कळलं. सगळं कळलं. चष्मा का पुसलात, ते पण.

मला वाटलं, आता रडू येणार. पण त्या सनानं माझा हात धरला आणि म्हणाली, "दादीमा, ये आप की वाली स्टोरी तो अपने कू मालूमच नई. सुनाओ ना!" झालं! पोरं गोल करून खाली बसली, मॅनेजरनं मला खुर्ची दिली, आणि मी तुमची गोष्ट सांगितली. आंबील, मुरगळलेला पाय, लोणची, सगळं. पूर्ण तासभर! चष्मेवालासुद्धा परत येऊन बसला. टाळ्या पडल्या. अहो, तुमच्या भाषांतराला टाळ्या!

मग सनानं विचारलं, "फिर लास्ट में पूलवाली आ के क्या करती?"

आता मी काय सांगणार? ते तुम्ही सांगितलंच नाही. छापलेल्या पुस्तकात ती मेली, तुमच्या गोष्टीत ती लंगडत यायची आहे, आणि तुमची गोष्ट तर अर्धीच राहिली. ती कुठल्याच दुकानात मिळायची नाही. मी म्हटलं, पुढच्या रविवारी घरी या, सांगते. शब्द देऊन बसले!

रिक्षात चिन्मयीनं सगळं कबूल केलं. "आजोबांनी शपथ घातलेली गं. म्हणाले, आजीला बोललीस तर आईस्क्रीम बंद." घरी येऊन तिनं तिसरं पुस्तक काढलं. त्या पानावर कडेला तुमची पेन्सिल. "डावा पाय. बहिणीकडे. गाव सांगितलेलं नाही." चौथ्यात लिहिलेलं, "ऑपरेशन उजव्या डोळ्याचं." पुढं चुकू नये म्हणून नोंद! कोर्टाची शिस्त ती, खोटं पण कसं टापटिपीत!

आणि एकटी पूलवालीच नाही. चिन्मयीनं बोटांवर मोजलं, अकरा जण वाचवलेत तुम्ही. नावाडी बुडाला होता, त्याची तुम्ही दुसऱ्या तळ्यावर बदली केलीत. किल्ल्याचा पहारेकरी मारला गेला, तो म्हणे रिटायर झाला. पेन्शनसकट! आम्ही दोघी इतक्या हसलो की सून विचारायला आली, काय झालं. शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस आत जातो म्हणणारा माझा नवरा, त्यानं घरच्या बाल्कनीत बसून अकरा माणसं सोडवली!

राग आला होता, नाही कसं म्हणू? मला काय एवढी कच्ची समजलात? सांगितलं असतं तर रडले असते, आक्कासाठी रडत होते त्यातच हिच्यासाठी रडले असते. पण खरं सांगू, त्या वर्षी आक्का नव्हती, आणि कुठंतरी बहिणीकडे एक म्हातारी पाय शेकत बसलीय, एवढ्यावर मला झोप लागायची. ते तुम्हाला कसं कळलं?

आठवडाभर पोळ्या लाटताना विचार केला. शेवट मला सापडलाय. ऐका.

सगळे त्या भावाला जाऊन विचारतात, ओळखलंस का मला? मी कोण, सांग? बहीण विचारते, राजा विचारतो. तो आपला बघत राहतो आणि घंटा वाजवतो. अहो, असं परीक्षेला बसवल्यावर आठवलेलं पण माणूस विसरेल! मग पूलवाली येते. लंगडत, डाव्या पायानं. ती काही ओळख विचारत नाही. घंटेपाशी बसते, श्वास घेते आणि म्हणते, "जेवलास का रे?"

आणि चार पुस्तकं तोंड न उघडलेला तो पोरगा म्हणतो, "नाही."

बस. एवढंच. भूक लागली की घर आठवतंच माणसाला. पुढची वाट ती दाखवते.

कसा आहे? तुमच्याकडून दाद मिळायची नाही, माहीत आहे मला. "बरा आहे," म्हणाल.

न्हाणीघराची कडी वाजली. चिन्मयी आता छापलेलं वाचणार, मी तिला बजावलंय, शब्दाला शब्द सांगायचं. कुणी मेलं तर मेलं म्हणायचं, बदली नाही करायची. तिचं मराठी कच्चं आहे, अर्धं उर्दूत सांगेल, चालेल मला. मी रडेन, पण जेवण सोडणार नाही, हे वचन घ्या. आणि रविवारी मुलं येतील तेव्हा तुमची गोष्ट पुरी करून सांगेन, हे दुसरं. शेवटच्या भागात येते म्हणून तुम्ही शब्द दिला होतात ना? ती येईल. मी आणते तिला.

तुमची,
कुसुम