चिमटीत धरलेला ओठ

२१ एप्रिल, सोमवार

वायर तोंडात होती, तर माझी मुलगी रडली का नाही? — जेबाच्या आईनं आज मला हे विचारलं. मी ‘डॉक्टर सांगतील’ म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. चार वर्षं अमरावतीला नर्सिंग शिकले, सहा महिने झाले अकोल्याच्या या वॉर्डात — आणि एका आईच्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही!

जेबा दीड वर्षाची. मूर्तिजापूरची. वडील सरफराज गाद्या भरतात. कूलर बोर्डापासून लांब, म्हणून त्यांनी वायरला वायर जोडून वर टेप गुंडाळली होती. गरमीनं टेप सुटली. काल दुपारी घरातले जेवत होते आणि ही खाली बसून तोच जोड चघळत होती. आजीनं, हाजराबींनी, पाहिलं. मुलीला ओढलं नाही, आधी बटण बंद केलं. किती जणांना सुचतं हे?

ओठाचा डावा कोपरा करडा-पांढरा झालाय. रुपयापेक्षा लहान. रक्त नाही, फोड नाही. दूधही पितेय. आई म्हणते, एवढ्याशासाठी दवाखान्यात कशाला ठेवता?

सरफराज वॉर्डात येत नाही. गेटपाशी उभा असतो. जोड त्यानं लावला होता ना.

२२ एप्रिल

आज अश्लेषा मॅडमचा राउंड. जळालेल्या मुलांची ऑपरेशनं त्याच करतात. जेबा तोंड उघडेना. मॅडम खाली फरशीवर बसल्या, स्वतःचं तोंड मोठं उघडलं, जीभ बाहेर काढली. जेबानं पाहिलं, हसली — आणि उघडलं! राउंडवर फरशीवर बसलेला डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला.

मग आम्हाला समजावलं. वीज शिरते तिथं नुसतं दार दिसतं, जळतं ते आतलं घर. म्हणून छाती नीट चालते का ते बघायचं, लघवीचा रंग बघायचा. जेबाचं दोन्ही ठीक आहे. पण ओठाचं वेगळं. तिथल्या नसाच जळतात, म्हणून मूल रडत नाही. पाच ते चौदा दिवसांत ही खपली सुटते. तिच्या खाली ओठाची रक्तवाहिनी असते. ती उघडी पडली की धार लागते. दीड वर्षाच्या पोरात रक्त असतं किती?

तोवर मूल घरी गेलेलं असतं. म्हणून घरच्यांना एकच गोष्ट यायला हवी. एक बोट ओठाच्या आत, अंगठा बाहेर, चिमटीत दाबायचं आणि तसंच इथवर यायचं. मधे सोडून बघायचं नाही.

“सांगायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “करून घ्यायचं. त्यांच्या हातानं.”

वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला त्यांच्यासारखं व्हायचंय.

२४ एप्रिल, गुरुवार

पाय दुखतायत. पण ताराचा हात वाचला!

तारा नऊ वर्षांची, अकोटकडची. कूलर सुरू असतानाच त्यात पाणी भरत होती, हात जाळीला चिकटला. दहा वाजता आणली. तळहातावर मसुरीच्या डाळीएवढे दोन डाग, बस. पण मनगटापासून कोपरापर्यंत हात फुगून टणक, बोटं गार. लघवी काळ्या चहासारखी. सलाईन जोरात सुरू केलं, छातीला मॉनिटर लावला. अश्लेषा मॅडमनी तासाभरात थिएटरमध्ये घेऊन आतला दाब मोकळा करायला हात लांब चिरला. मी शेजारीच होते. हळूहळू बोटांची नखं गुलाबी झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मास्क होता म्हणून बरं.

अडीचला बाहेर आले.

मधेच कधीतरी जेबाच्या सुट्टीची फाइल सहीला आली होती. छापील ओळ असते — ‘नातेवाईकांना घ्यावयाची काळजी समजावून, प्रत्यक्ष करवून घेतली.’ मी खूण केली, सही केली. म्हटलं, तारा थिएटरला गेली की करून घेते; पण मलाही आत जावं लागलं. वॉर्डात आले तर खाट रिकामी, चादर बदललेली.

कागदावर सगळं छापलेलं आहे. सरफराजला वाचता येतं. उद्या फोन करते.

२५ एप्रिल

फोन लागला नाही. दोनदा केला.

२७ एप्रिल, रविवार

सुट्टी. धामणगावला घरी. आल्या आल्या सगळे बोर्ड, सगळ्या वायरी तपासल्या. बाबांच्या पंक्चरच्या दुकानात तीन जोड सापडले, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेले. बाबा म्हणाले, वीस वर्षं झाले, काही झालं नाही. मी ताराची गोष्ट सांगितली. संध्याकाळी स्वतःच नवी वायर घेऊन आले. गिऱ्हाइकाला सांगत होते, आमच्या घरात पहिली ग्रॅज्युएट आहे, तिचं ऐका लागते.

जेबाच्या घरी फोन करायचा राहिला.

२९ एप्रिल, मंगळवार

 नीट लिहायचं आहे.

साडेअकराला मालवाहू रिक्षा गेटातून थेट आत आली. मागच्या हौद्यात हाजराबी, मांडीवर जेबा. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट जेबाच्या तोंडात, अंगठा बाहेरून ओठावर. दोन्ही पांढरे पडलेले. ओढणीवर रक्त होतं, पण थोडंच. बिस्कीट चावताना खपली निघाली म्हणे. मूर्तिजापूर ते अकोला पाऊण तास. जेबा सारखी चावत होती, बुक्क्या मारत होती. वाटेत एका ओळखीच्या माणसानं गाडी थांबवून ‘जरा पाहू द्या’ म्हटलं. यांनी पाहू दिलं नाही.

टेबलावरही हात काढेनात. मॅडम म्हणाल्या, आजी, आता सोडा. त्या म्हणाल्या, “पहले आप पकडो. फिर मैं छोडती.”

मॅडमनी त्यांच्या बोटांच्या शेजारी आपली चिमटी लावली आणि मग त्यांची बोटं हळूच सोडवली. ती इतकी आखडली होती की सरळच होईनात. बोटं सरकली त्या क्षणभरात धार उडाली ती मॅडमच्या चष्म्यापर्यंत! भूल दिली, दोन टाके घातले. वीस मिनिटांत जेबा बाहेर, रडतेय, लाल-गुलाबी. इतकं छान रडणं मी कधी ऐकलं नाही.

मॅडमनी फाइल उघडली. माझी सही पाहिली. सगळ्यांसमोर म्हणाल्या, “शिकवणं याला म्हणतात. चारुतानं हे मूल वाचवलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. बोलले नाही.

३० एप्रिल

हाजराबींच्या बोटाला जेबाच्या दातांच्या खुणा आहेत. सुजलंय. पट्टी मी केली. पट्टी करता करता विचारलं, तुम्हाला हे धरायला कुणी दाखवलं?

त्या सहज म्हणाल्या, झाडूपोछावाल्या बाईनं. सीढीवर.

म्हणजे इंदूबाई! आमच्या वॉर्डाची सफाई करतात त्या.

त्या दिवशी ही माणसं खाली जिन्यात रिक्षाची वाट बघत होती. इंदूबाई तिथंच डबा खात होत्या. कुणी काही दाखवलं का, त्यांनी विचारलं. हाजराबींनी कागद पुढं केला. इंदूबाई म्हणाल्या, “कागदानं रक्त थांबते काय?” आणि त्यांचा हात धरून स्वतःच्याच ओठाला लावला. आजींनी भीत भीत धरला. तर म्हणे, “लुगडं वाळू घालून राहिली काय? दाब!” मग इतका दाबला की इंदूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा म्हणाल्या, आता बरोबर. मग जेबाच्या आईकडून करून घेतलं. मग गेटपाशी उभ्या सरफराजकडे गेल्या — “तूच बाप न? हात धू अन् ये.” त्यालाही आपला ओठ दिला.

त्या चार-पाच दिवसांत त्याला कुणी जवळ बोलावलं असेल तर त्यांनीच. हाजराबी म्हणाल्या, ओठ धरून धरून सगळे हसत होतो.

मी पट्टीची गाठ मारली. तीनदा मारली, सुटतच होती.

३ मे, शनिवार

बारा तारखेला परिचारिका दिन. अमरावतीला विभागाचा सत्कार आहे, पाच जिल्ह्यांतून पाच नर्स. अकोल्यातून माझं नाव गेलं! मेट्रनबाईंनी स्वतः येऊन सांगितलं. अश्लेषा मॅडमनी शिफारस लिहिली आहे. मी ‘थँक यू’ म्हणाले. तोंडातून तेच आलं.

बाबांना कुणीतरी आधीच कळवलंय. फोनवर आवाज जड झाला होता.

५ मे

इंदूबाईंना गाठलं. पोछा पिळत होत्या. मी सगळं सांगितलं — सही आधी केली, शिकवलं नाही, आणि आता हार मला.

त्यांना माहीत होतं. त्या दिवशी फाइल टेबलावर असतानाच त्यांनी माझी सही पाहिली होती. मला वाटलं, आता बोलतील. तर म्हणाल्या, तू त्या कूलरवाल्या पोरीपासून हालली नाही, ते बी मी पायलं.

मी विचारलं, तुम्हाला हे कुठून येतं? त्या म्हणाल्या, आठ वर्षांपूर्वी याच वॉर्डातून असंच ओठ जळालेलं एक लेकरू घरी गेलं होतं. कागद घेऊन गेलं. दहाव्या दिवशी चादरीत गुंडाळून आणलं. त्या दिवशीही फरशी यांनीच पुसली. तेव्हापासून त्या जेवायला जिन्यातच बसतात. वॉर्डात पंखा आहे, बाक आहे — तरी जिन्यात. सुट्टी झालेलं माणूस तिथूनच जातं म्हणून.

मी सहा महिने त्यांचा डबा ओलांडून गेले. एकदा म्हणालेही होते, मावशी, रस्त्यात काय बसता!

मॅडमना खरं सांगते म्हटलं, तर त्यांनी पोछा खाली टाकला. “माह्यं नाव काढू नको बाप्पा. सफाईवालीनं दवाईचं सांगतलं म्हनून कंत्राटदार काढून टाकीन मले. तू हार घे, फोटो काढ. अन् उद्यापासून खरंच शिकव. झालं.”

किती सोपं करून दिलं मला.

६ मे

जुन्या फाइली काढल्या. त्या छापील ओळीखाली सहा महिन्यांत माझ्या एक्केचाळीस सह्या. त्यातल्या किती जणांच्या हातून मी खरंच करून घेतलं? सतरा आठवले.

बाकीच्यांना दुपारपासून फोन करतेय. अकरा जण लागले. एका बाईनं विचारलं, मॅडम, आता काहून सांगता?

७ मे

आज जिन्यात इंदूबाईंशेजारी डबा खाल्ला. मूर्तिजापूरचीच एक आई चाललेली दिसली, मुलाच्या पायाला पट्टी. पट्टी कशी बदलायची ते दोघींनी मिळून करून घेतलं. इंदूबाई माझ्यापेक्षा चांगल्या शिकवतात — प्रश्न विचारत नाहीत, हात धरतात. मी बोलत बसते.

बाबांचा फोन. बारा तारखेला आई-बाबा दोघं येतायत अमरावतीला. दुकान बंद ठेवणार! आजवर फक्त मयतीला बंद ठेवलंय. विचारत होते, आमाले समोर बसवतीन न? मी हो म्हटलं.

साडी इस्त्रीला दिली.

९ मे, शुक्रवार

सकाळी मेट्रनबाईंना पत्र दिलं. शिक्का मारून पोच घेतली, एक प्रत अश्लेषा मॅडमना. चोवीस एप्रिलला जेबाच्या घरच्यांना मी काही शिकवलं नाही, सही आधीच केली होती, सत्कारातून माझं नाव काढावं. मेट्रनबाईंनी दोनदा वाचलं. जूनमध्ये माझी नेमणूक पुढं वाढेलच असं नाही म्हणाल्या.

बाबांना काल सांगितलं. त्यांनी मग विचारलं, “ते पोरगी बरी हाय न?”

इंदूबाईंनाही कालच सांगितलं की पत्र देणारच आहे, तुमचं नाव तुम्ही म्हणाल तरच. त्या बादलीत बघत राहिल्या. मी निघाले तेव्हा मागून हाक मारली.

“लिही. पन नुसतं इंदूबाई नोको. इंदू खुशालराव खंडारे लिही.”

तसंच लिहिलं.