खिडकी अजून उघडी आहे

रविवार, दि. १९ जुलै

चि. हरकत हिस,
अनेक आशीर्वाद.

खरे नाव सोडून हे नाव लिहिले, याचा राग मानू नकोस. सहाव्या वर्षी माझ्या प्रत्येक वाक्यावर "हरकत आहे" म्हणणाऱ्या मुलीला वकिलाच्या घरात दुसरे कोणते नाव मिळणार होते? आम्ही दोघे ठीक आहोत. 'ठीक' या शब्दाची व्याप्ती पुढे स्पष्ट करतो. गळका नळ दुरुस्त झाला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने शिलाई मशीन एकदाचे पलीकडच्या खोलीत हलवल्यामुळे माझी दुपारची झोप परत मिळाली.

पत्राचे कारण व्यावहारिक आहे. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत महिनाअखेरीस संपते, आणि आपल्या घरातून यंदा अजून एकही विवरणपत्र गेलेले नाही. हे वाक्य तू दोनदा वाचले असशील. मीही लिहून दोनदा वाचले.

आपली पद्धत तुला नव्याने सांगायला नको. केवळ मुद्दा मांडण्यापुरती आठवण देतो. जुलैचा पहिला रविवार. जेवणाच्या टेबलावरून ताटे उचलली की पलीकडे आई, अलीकडे आपण दोघे, रांगेत. पाण्याचे बिल भरण्याच्या खिडकीवर नोकरीची सगळी वर्षे काढलेली ती बाई त्या दिवशी आपली साहेब होत असे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "नाव?" मग व्याजाचे दाखले, विम्याच्या पावत्या, सारे उलटसुलट तपासायची. मी एखादा कागद शोधत चाचपडू लागलो की म्हणायची, "वकीलसाहेब, मागे रांग आहे." तू हसत टेबलाखाली जायचीस. पुढे संगणक आला, तरी रांग, खिडकी आणि "नाव?" कायम राहिले. आपल्या घरी कर भरणे ही कटकट वाटली नाही आणि उशीर कधी झाला नाही, त्याचे श्रेय कायद्याच्या धाकाला नाही, या खेळाला आहे.

यंदाही पहिल्या रविवारी मी कागद लावून बसलो. आईने चष्मा खाली ओढला. "नाव?" मी सांगितले. तिने एक पावती पाहिली आणि पुन्हा विचारले, "नाव काय म्हणालात?" मला तिच्या अभिनयाचे कौतुक वाटले. तिसऱ्यांदा विचारताना मात्र तिच्या चेहऱ्यावर संकोच होता, आणि खेळात कुणी संकोचत नाही.

येथपर्यंत जे टाळले, ते आता टाळता येत नाही. तुझी आई मला ओळखत नाही. सदैव असे नाही. सकाळी बहुधा ओळखते, चहात साखर कमी पडली तर नक्की ओळखते. तुझा फोन सकाळी येतो, म्हणून तुला कळले नाही. आणि मी सांगितले नाही, हेही खरे. गेले काही महिने जे लहानसहान विसरणे चालले होते, त्याला मी वय म्हणत होतो. डॉक्टरांनी त्याला दुसरे नाव दिले. मी बरेच उलटप्रश्न केले. दुर्दैवाने त्यांची उत्तरे सुसंगत होती.

दुपारनंतर ती खिडकीवर असते आणि मी रांगेत. मला ती 'आजोबा' म्हणते. ती माझ्याहून अवघ्या दोन वर्षांनी लहान आहे, हे निदर्शनास आणून देण्यात अर्थ नाही. काम झाले की आदराने सांगते, "आता घरी जा, आजोबा. घरचे वाट बघत असतील." मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो आणि थोड्या वेळाने घरी येतो.

अडचण अशी. तिचे निवृत्तिवेतन आहे, म्हणून तिचेही विवरणपत्र आहे, आणि ते तिच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीशिवाय दाखल होत नाही. शेजारच्यांना एका भामट्याने फसवल्यापासून तो आकडा कुणालाही सांगायचा नाही, हे मीच तिच्याकडून घोटून घेतले होते. माझे नाव ती विसरली. शिकवण विसरली नाही. आकडा आला की फोन उलटा करून त्यावर हात ठेवते. "आजोबा, तुम्ही भले दिसता, पण हा मी फक्त माझ्या मुलीला सांगते." तोवर आकडा बाद होतो. सकाळी, मला ओळखत असताना, विषय काढला तर म्हणते, "खिडकी दुपारी उघडते."

ती झोपल्यावर फोन उचलणे सोपे आहे. परंतु झोपलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे, असे मी न्यायालयात आयुष्यभर म्हणत आलो. घरापुरता निराळा कायदा करता येणार नाही. तिच्या वतीने मी सही करण्याचा मार्गही आहे. त्यासाठी ती असमर्थ असल्याचा दाखला लागतो. तो मी अद्याप मागितलेला नाही. माझे स्वतःचे विवरणपत्र तयार आहे, पण तेही पाठवलेले नाही, कारण तुझ्या खुर्चीकडे बोट दाखवून ती रोज बजावते, "एक जण यायची राहिली आहे. ती आल्याशिवाय खिडकी बंद होणार नाही."

तीन वर्षांपूर्वी तू एक आठवडा थांबा म्हणाली होतीस. मुदतीला अवकाश होता, तरी पहिला रविवार तो पहिला रविवार, असे सांगून मी काम उरकले, आणि त्यानंतर तू आली नाहीस. माझा युक्तिवाद मला आजही सदोष दिसत नाही. तुझ्या आईने मात्र त्या संध्याकाळी तुझी खुर्ची पुसून जागेवर ठेवली. तिचा प्रतिवाद तेवढाच होता.

तू मुदतीत आलीस तर उत्तमच. नाही जमले, तर विलंबाचा दंड लागेल आणि तो मी भरीन. हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. या वेळी तुझ्याशिवाय काही दाखल होणार नाही.

शक्यतो दुपारी ये, खिडकीच्या वेळेत. ती चष्मा खाली ओढून नाव विचारील. खरे नाव सांग. कदाचित दोनदा सांगावे लागेल. तेवढी हरकत घेऊ नकोस.

रांगेत तुझी जागा धरून उभा असलेला,
बाबा