शिट्टी मारणारा ॲम्प्लिफायर

सोमवार, ४ ऑगस्ट

रोह्याला बिऱ्हाड करून आठवडा नाय झाला. खोली झकास, स्वयंपाकघरात ऊन येतं, नळाला पाणी हाय. आणि माझ्या कपाटाच्या जागेवर प्रविणने, म्हणजे आमच्या नवऱ्याने, हे धूड आणून बसवलं! गिटारचा ॲम्प्लिफायर म्हणे. जुना, आत काचेचे, बल्बासारखे वाल्व. चालू केला की कुकरची शिट्टी अडकल्यासारखा किंचाळतो. गणपती तोंडावर. हा गप्प नाय झाला तर बँजो पार्टीत नवऱ्याच्या जागी दुसरा गिटारवाला उभा राहील. कुठून आणला विचारलं तर म्हणाला, निडी गावावरून, आणि गिटार पुसायला लागला.

चौथी शिकलेय, पण रागाला वही लागते.

बुधवार, ६ ऑगस्ट

बाबाजी रिपेरवाला आला. म्हणाला, वहिनी, सोपं असतं. एकेक वस्तू काढत जायची. जी काढल्यावर आवाज थांबेल, खोट तिच्यात. गिटार काढली, किंचाळतो. वायर काढली, किंचाळतो. पेन्सिलीने वाल्व ठोकले, मग बदलले. तेच. चहा तसाच ठेवून बाबाजी गेला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

शेवटी मीच बसले. फडक्यात धरून सगळे वाल्व उपटले. प्लगही काढला. नवरा अंघोळ करून आत आला आणि ॲम्प्लिफायरचा डबा किंचाळला.

प्लग माझ्या हातात होता.

कोणाचा हाय हा, म्हणून ओरडले. सुशीलचा, म्हणाला. पार्टीतला जोडीदार. गेल्या वर्षी वारला.

शनिवार, ९ ऑगस्ट

नवरा राखीला खांब गावी गेला, बहिणीकडे. डबा गप्प. ठोकला, हलवला. गप्प.

तशीच निडीला गेले. सुशीलच्या आईने, काशीबाईने, दारातच अडवलं. म्हणाली, दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना गो. तेव्हा तुझ्याच नवऱ्याने हात जोडले, सुशील, तुझ्या ॲम्प्लिफायरला कोण हात लावणार नाय, मी तर नायच. लगेच शिवला. आणि आता मी शेतावर असताना तोच उचलून घेऊन गेला, मेला.

काय काढायचं राहिलंय ते कळलं मला.

रविवार, १० ऑगस्ट

नवऱ्याचा पाय उंबऱ्यात — किंचाळला. दोघं डबा उचलून निडीला टाकून आलो. काशीबाईने दार लावलं.

घरी परत. डबा नाय. तरी आवाज —

नवऱ्याच्या अंगातून येतो.

सोमवार, ११ ऑगस्ट

तोंड उघडलं की शिट्टी. जेवता येत नाय. आत बसलाय, दात आवळून. दातांमधून पण —

सुशील, ऐक. चुकलं त्याचं. शब्द मोडला, चोरी केली. पण तुझा डबा तुझ्या घरी पोचवलाय. आता नदीवर भाताचा पिंड मांडते. तीन दिवस देते तुला, गुरुवारपर्यंत कावळा शिवला पायजे. उत्तर पायजे मला, व्हय की नाय, गुरुवारच्या आत —

थांबली. शिट्टी थांबली. काढल्यावर थांबते म्हणाला होता बाबाजी, मग सुशीलने काय काढलं —

अहो — अहो, बोला —